विज्ञानाचा सरकारी पैसा समाजाकडे वळवायचा तर हात कुठे घालायचा?

प्रश्न: मी नागपुरातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याकडच्या गावांमधल्या, दात-हाडं बिघडवणाऱ्या फ्लोराइडच्या पाण्यावर काम करायची इच्छा आहे. निधीच्या प्रत्येक जाहिरातीत 'सामाजिक गरजा' आणि 'राष्ट्रीय अग्रक्रम' हे शब्द असतात, पण मंजूर होतात ते प्रस्ताव भलतेच दिसतात. सरकारचा विज्ञाननिधी समाजाच्या कामाकडे खरंच वळवता येतो का? आणि तसा वळवला तर मूलभूत विज्ञानाचं नुकसान होत नाही का?

उत्तर: वळवता येतो. मात्र जाहिरातीतल्या शब्दांनी तो वळत नाही. माझी नोकरीतली अर्धी वर्षं प्रस्ताव लिहिण्यात गेली आणि उरलेली इतरांचे प्रस्ताव तपासण्यात, त्यामुळे दोन्हीकडून बघितलेलं सांगतो. पैशाची दिशा किरकोळ वाटणाऱ्या जागी ठरते. प्रश्न कोणी मांडला, गुण द्यायला कोण बसलं, पहिला हप्ता कोणत्या महिन्यात आला आणि प्रकल्प संपल्यावर पुढचा खर्च कोणाच्या माथी गेला, या त्या जागा. धोरणाच्या पुस्तिकेत यांचा उल्लेखही नसतो.

आधी आवाका बघू. 2020-21 च्या आकड्यांनुसार देशाचा संशोधनावरचा खर्च जीडीपीच्या 0.64 टक्के होता. केंद्राच्या प्रमुख वैज्ञानिक संस्थांचा जो खर्च झाला, त्यात संरक्षण संशोधन करणाऱ्या डीआरडीओचा वाटा 31 टक्क्यांच्या आसपास, अवकाश विभागाचा 18, कृषी अनुसंधान परिषदेचा 12, अणुऊर्जेचा 11 आणि सीएसआयआरचा (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचा) 8. म्हणजे मोठी दिशा अर्थसंकल्पातच ठरून गेलेली असते. तुम्ही-आम्ही ज्या स्पर्धात्मक निधीसाठी प्रस्ताव लिहितो तो उरलेला छोटा तुकडा. 2023 च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आलं, स्पर्धात्मक निधी वाटणारं जुनं मंडळ एसईआरबी त्यात विलीन झालं. पाच वर्षांत 50,000 कोटींचा संकल्प जाहीर झाला, पण त्यातले 36,000 कोटी सरकारबाहेरून, उद्योग आणि देणगीदारांकडून यायचे होते. 2025 मध्ये मंजूर झालेला एक लाख कोटींचा संशोधन-विकास-नवोन्मेष निधी तर मुख्यतः खासगी क्षेत्राला स्वस्त, दीर्घ मुदतीचा पैसा मिळावा म्हणून आहे. त्यात गैर काही नाही. पण उद्योगाचा पैसा परताव्याकडे जाणार, आणि पांढरकवड्याच्या हातपंपात परतावा नाही. बाजार जिथे स्वतःहून जाणार नाही तिथे सरकारने जावं, एवढा एकच निकष मला 'सामाजिक उद्दिष्ट' या ढगळ शब्दापेक्षा जास्त कामाचा वाटतो.

नागपूरकरांना खरं तर हे समजावून सांगायला नको. नीरी, म्हणजे आजची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, 1958 मध्ये इथे आली ती सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संस्था म्हणून. पाणी आणि मैला हे तिचं काम नावातच होतं. आजचं नाव 1974 चं. वर्धा रोडला कापूस संशोधन संस्था, अमरावती रोडला मृदा सर्वेक्षण ब्युरो आणि लिंबूवर्गीय फळांची संस्था. एकेक प्रश्न धरून त्यावर अख्खी संस्था उभारायची, ही दिशा देण्याची सगळ्यात जुनी पद्धत. टिकते चांगली, पण इमारत तिथेच राहते आणि प्रश्न पुढे सरकतो.

तुमच्या फ्लोराइडकडे येतो, कारण 'विज्ञान झालं, पुढे काय' हे त्याच्याइतकं स्वच्छ दुसऱ्या कशात दिसत नाही. पाण्यातलं फ्लोराइड काढायची नालगोंडा पद्धत नीरीची, सत्तरच्या दशकातली, म्हणजे जन्माने नागपूरचीच; नाव तेव्हाच्या आंध्रातल्या जिल्ह्याचं. पाण्यात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर टाकायची, आधी जोरात मग सावकाश ढवळायचं, गाळ बसू द्यायचा आणि वरचं पाणी काढून घ्यायचं. घरगुती पद्धतीत 40 लिटरची बादली, तिला तळापासून थोडी वर तोटी. रसायनशास्त्र चोख, साहित्य किराणा दुकानात मिळणारं, वीज नको.

आता हिशोब मांडा. तुरटीचा डोस पाण्यातल्या फ्लोराइडवर आणि अल्कलिनिटीवर (क्षारतेवर) ठरतो, आणि तो लिटरमागे शेकडो मिलिग्रॅमच्या घरात जातो. लिटरला 500 मिलिग्रॅम धरले तर एका बादलीला 20 ग्रॅम, रोज एक बादली तर एका घराला वर्षाला सात किलोहून जास्त तुरटी. ती विकत कोण आणणार? दोन विहिरींचं पाणी सारखं नसतं, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर एकाच विहिरीचंही नसतं. मग डोस बदलायचा हे घरातल्या बाईला कोण सांगणार? तळाशी बसलेल्या गाळात ॲल्युमिनियम आणि काढलेलं फ्लोराइड असतं, तो अंगणात ओतला तर गेला पुन्हा जमिनीत. डोस चुकला तर पाण्यातच ॲल्युमिनियम उरतं. यातला एकही प्रश्न बीकरमध्ये सुटणारा नाही, आणि 'फ्लोराइड निर्मूलन' या विषयावर मंजूर होणारे बहुतेक प्रस्ताव मात्र बीकरमध्येच असतात. नवा अधिशोषक (फ्लोराइड पृष्ठभागावर धरून ठेवणारा पदार्थ), त्याची क्षमता, एक्सआरडी-एसईएमसारख्या प्रयोगशाळेतल्या तपासण्या, समतापी वक्र, शोधनिबंध. चाचणीचं पाणी? डिस्टिल्ड वॉटरमध्ये सोडियम फ्लोराइड घालून केलेलं. बायकार्बोनेट आणि सिलिका असलेल्या खऱ्या बोअरच्या पाण्यात त्या अधिशोषकाची क्षमता किती घसरते, हे अनेकदा शेवटच्या परिच्छेदात 'पुढील कामाची दिशा' म्हणून येतं.

हा प्रस्ताव लिहिणाऱ्यांचा लबाडपणा नव्हे. गुण कशाला आहेत ते बघून माणसं लिहितात. तज्ज्ञ समितीत एका प्रस्तावाला दहा-बारा मिनिटं मिळतात आणि हमखास येणारा प्रश्न एकच: "यात नॉव्हेल्टी, म्हणजे नवं काय?" गाळाची विल्हेवाट कशी लावायची यात नॉव्हेल्टी नाही. ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी डोसचा तक्ता वाचून पाळू शकतो का, हा प्रश्न तर समितीतल्या कोणालाच आपला वाटत नाही. जाहिरातीत 'सामाजिक' लिहून समिती जुनीच ठेवली की नेमकं हेच होतं.

म्हणून पहिला हात समितीच्या रचनेला घाला, असं मी प्रत्येक वेळी सांगत आलो. पाण्याचा विषय असेल तर जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाचा कार्यकारी अभियंता आत हवा, आणि त्याच्या हातात गुण हवेत. निमंत्रित म्हणून चहा पिऊन जाणारा नको. आरोग्याचा असेल तर तालुका आरोग्य अधिकारी आणि आशांच्या गटप्रवर्तक. तपासणी दोन फेऱ्यांत व्हावी: पहिल्या फेरीत फक्त 'हे झालं तर कोण वापरेल आणि कोणाच्या पैशाने', दुसऱ्या फेरीत विज्ञान. क्रम उलटा ठेवला तर पहिल्याच फेरीत नॉव्हेल्टी सगळ्यांना गाळून टाकते.

बाहेरच्या देशांनी काय केलं हेही बघण्यासारखं आहे. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने 1997 पासून प्रत्येक प्रस्तावाला 'व्यापक परिणाम' हा स्वतंत्र निकष लावला. अर्जदारांनी झटकन ओळखलं की तिथे शाळेतल्या मुलांसाठी कार्यशाळेचा एक परिच्छेद लिहिला की भागतं. ब्रिटनने वेगळी वाट घेतली: 2014 च्या मूल्यमापनात विद्यापीठांना 20 टक्के गुण झालेल्या परिणामाला दिले, पुढच्या फेरीत ते 25 केले. वचनाऐवजी हिशोब मागितला. तिथेही परिणामाच्या कहाण्या सजवून लिहिणाऱ्यांचा धंदा फोफावला, पण दोन्हींत निवडायचं तर मी हिशोब निवडेन. आपल्याकडे वैज्ञानिक सामाजिक उत्तरदायित्वाची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, वर्षाला शास्त्रज्ञाचे दहा दिवस समाजासाठी. शाळेत व्याख्यान, प्रयोगशाळा दाखवणं, चांगलंच आहे. पण उरलेल्या दिवसांत तो कोणत्या प्रश्नावर काम करतो, याला ते बोटही लावत नाही.

आता प्रश्न कोण मांडतं याबद्दल. इथे विदर्भाबाहेर जायची गरज नाही. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी 1986 मध्ये 'सर्च' या संस्थेचं काम सुरू केलं. 1989 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्यांच्या अभ्यासात दोन गावांतल्या 650 स्त्रियांपैकी 92 टक्क्यांना काही ना काही स्त्रीरोग असल्याचं दिसलं. तोपर्यंत ग्रामीण स्त्रीच्या आरोग्यावरचा बहुतेक पैसा कुटुंबनियोजन आणि बाळंतपण या दोनच खिडक्यांतून जायचा, कारण प्रश्न ठरवणाऱ्यांना स्त्री तेवढीच दिसत होती. पुढे नवजात बाळांच्या घरच्या घरी देखभालीचा त्यांचा प्रयोग 1999 मध्ये प्रसिद्ध झाला: 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी कमी. 2011 मध्ये केंद्राने तीच पद्धत आशांमार्फत देशभर घेतली. यात एकही महागडं उपकरण नाही. वजनकाटा, थर्मामीटर, श्वास मोजणं, ॲन्टिबायोटिकचं इंजेक्शन. आणि तरी हे उच्च दर्जाचं विज्ञान आहे, नियंत्रित तुलनेसह. 'उपयोगी म्हणजे हलकं' असं मानणाऱ्या परीक्षकाला मी हा निबंध काढून दाखवत असे.

ब्रिटनमध्ये 2004 पासून जेम्स लिंड अलायन्स रुग्ण, त्यांना सांभाळणारे आणि डॉक्टर यांना एका टेबलावर बसवून संशोधनाचे पहिले दहा प्रश्न ठरवून घेते. बसवल्यावर कळतं की संशोधकांचा ओढा औषधाकडे असतो आणि रुग्ण मात्र व्यायाम, वेदना, रोजचं जगणं याबद्दल विचारत असतात. आपल्याकडे अशी बैठक ग्रामसभेच्या नावाने घेतली तर सरपंच आणि चार जण बोलतील, बाकीचे मान डोलावतील. बायकांची वेगळी बैठक घ्या, पाणी भरायच्या वेळेनंतर. फ्लोराइडबद्दल पुरुष दातांवरचे डाग सांगतात, बायका गुडघे आणि कंबर सांगतात.

मूलभूत विज्ञानाच्या नुकसानीबद्दल तुम्ही विचारलंत. ही भीती खोटी नाही, आणि तिचं उत्तर आपल्याच भागातल्या आजारात आहे. सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. 1 जुलै 2023 ला शहडोलमध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट आहे. याच आजारावरचा क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राचा पहिला उपचार 2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाला. त्या तंत्राचं मूळ शोधत गेलात तर स्पेनच्या किनाऱ्यावरच्या मिठागरांत पोहोचता. फ्रान्सिस्को मोहिका यांना नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या सूक्ष्मजीवांच्या डीएनएत पुन्हापुन्हा येणारे तुकडे दिसले, आणि ते का आहेत एवढंच त्यांना शोधायचं होतं. त्यांच्या प्रस्तावाला 'सामाजिक उपयोग' हा रकाना सक्तीचा असता तर त्यांनी काय लिहिलं असतं? म्हणून काही निधी कुणीही दिशा न देता ठेवलाच पाहिजे, आणि त्यावर उपयोगाचा खोटा मुलामा चढवायला लावू नये. तो मुलामा सगळ्यांनाच खोटं बोलायची सवय लावतो.

पण त्याच आजाराची दुसरी बाजू बघा. अमेरिकेत त्या उपचाराची किंमत रुग्णामागे 22 लाख डॉलर. सीएसआयआरची दिल्लीची संस्था स्वस्त देशी पर्यायावर काम करते आहे, ते व्हायलाच हवं. तोवर गडचिरोलीतल्या धानोरा-कोरचीच्या पोराला ज्याचा आधार आहे ते हायड्रॉक्सीयुरिया हे औषध म्हणजे 1869 मध्ये पहिल्यांदा तयार झालेलं रसायन, सिकलसेलवरचा त्याचा गुण 1995 च्या मोठ्या चाचणीने सिद्ध झाला. कॅप्सूल येते 500 मिलिग्रॅमची. दहा-बारा किलोच्या मुलाला ती जास्त होते. मग कॅप्सूल उघडून पूड वाटून द्या, पाण्यात कालवून अंदाजाने द्या, असले प्रकार. 2024 मध्ये आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) मुलांसाठी कमी मात्रेचं द्रवरूप औषध बनवायला कंपन्यांकडून प्रस्ताव मागवले तेव्हा मला मनापासून बरं वाटलं, आणि त्याच वेळी वाटलं की हे इतक्या उशिरा का? कारण लहान मुलाच्या मात्रेत नॉव्हेल्टी नाही. शोधनिबंध निघत नाही. बाजार गरिबांचा. मिठागरातल्या कुतूहलाला पैसा द्यायचा की या बाटलीला, असा झगडा लावायचं कारणच नाही. दोन्ही मिळूनसुद्धा मोठ्या उपकरणांच्या खरेदीपुढे फुटकळ रक्कम आहे. अडचण इतकीच की कुतूहलाची बाजू घ्यायला अकादम्या आहेत, बाटलीची बाजू घ्यायला कोणी नाही. निधीची दिशा बदलायची म्हणजे तिच्यासाठी कोणीतरी खुर्चीत बसवायचं.

कापसाबद्दल थोडक्यात, कारण मोजमाप कसं चुकतं ते तिथे दिसतं. आपली पऱ्हाटी बहुतांश कोरडवाहू. 'हेक्टरी उत्पादन' हाच यशाचा आकडा धरला की लांब मुदतीचे, सिंचनावर भरभरून येणारे संकरित वाण जिंकतात. गुलाबी बोंडअळीला मात्र तेच हवं असतं: शेतात जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत उभी पऱ्हाटी. कमी मुदतीचा सरळ (संकरित नसलेला) वाण, 90 बाय 15 सेंटिमीटरवर म्हणजे हेक्टरी सुमारे 74,000 झाडं, ही सघन लागवड कापूस संशोधन संस्थेने लावून धरली ती अळी जोर धरायच्या आत वेचणी उरकावी म्हणून. दरवर्षी 'फरदड घेऊ नका', म्हणजे वेचणीनंतर तीच पऱ्हाटी पुढे ठेवू नका, अशी पत्रकं निघतात. शेतकरी फरदड का घेतो? रब्बीला पाणी नाही आणि डिसेंबरनंतर हातात दुसरा पैसा नाही म्हणून. हे कृषी अर्थशास्त्राचं संशोधन झालं, आणि कीटकशास्त्राच्या प्रकल्पात त्याचा एकही मनुष्यमहिना मांडलेला नसतो.

आता तुमच्या प्रस्तावाचं. काही गोष्टी मी रोखठोक सांगतो.

महिना. मे आणि नोव्हेंबर, म्हणजे पावसाळ्याआधी आणि नंतर, असे पाण्याचे नमुने घेतल्याशिवाय तुमच्या आकड्यांना अर्थ नाही. मंजुरी सप्टेंबरात, पैसा डिसेंबर-जानेवारीत, जेआरएफची (कनिष्ठ संशोधक सहायकाची) जाहिरात आणि मुलाखत होईतो मार्च. आणि 31 मार्चला खर्च दाखवायचा. मग कपाटात रसायनांच्या बाटल्या भरतात आणि पहिला मे हुकतो. महाविद्यालयाच्या स्वतःच्या निधीतून पहिल्या फेरीच्या नमुन्यांची सोय आधीच करून ठेवा. लेखा विभागातल्या माणसाला प्रस्तावाच्या टप्प्यावरच भेटा. सरकारी वित्तीय नियमांच्या जीएफआर 12-ए नमुन्यातलं, पैसा कशावर खर्चला हे सांगणारं उपयोगिता प्रमाणपत्र अडलं की दुसरा हप्ता अडतो, आणि ते अडतं बहुधा खर्चाच्या शीर्षांच्या गोंधळावरून. 2025 च्या जूनमध्ये वैज्ञानिक खरेदीचे नियम सैल झाले, थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाख झाली, आता आयन मीटर आणि इलेक्ट्रोडसाठी पूर्वीइतकं रडावं लागणार नाही.

शपथपत्रासारखी ती समर्थनपत्रं. 'सदर प्रकल्पास आमचा पाठिंबा आहे' असं पत्र कोणीही देतं. जिल्हा परिषदेकडून असं लिहून घ्या की चाचणी यशस्वी झाली तर अमुक गावांतला देखभालीचा खर्च अमुक लेखाशीर्षातून होईल. देणार नाहीत, निदान पहिल्या भेटीत. पण ते का देत नाहीत हे ऐकताना तुमचा प्रस्ताव निम्मा सुधारेल. कदाचित तुम्हाला असंही कळेल की त्या गावांना जलजीवन मिशनमधून धरणाचं पाणी मिळणार आहे, आणि मग तुमचा खरा प्रश्न अधिशोषकाचा उरत नाही; नळ येईपर्यंतच्या दोन उन्हाळ्यांचा आणि नळ आटल्यावर लोक पुन्हा कोणत्या बोअरकडे वळतात याचा होतो.

आणि दिल्लीकडेच बघू नका. जिल्हा नियोजन समितीकडे नावीन्यपूर्ण योजनांसाठी तरतूद असते. खाणींच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा पैसा आहे, पिण्याचं पाणी आणि आरोग्य त्याच्या अग्रक्रमात बसतं. यवतमाळात वणीच्या कोळशामुळे तो आहेच. कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक उत्तरदायित्व) निधीतून सरकारी विद्यापीठांना आणि राष्ट्रीय प्रयोगशाळांना संशोधनासाठी देता येतं. या पैशाला शोधनिबंध नको असतो, त्यामुळे गाळाची विल्हेवाट, डोसचा तक्ता, कर्मचाऱ्याचं प्रशिक्षण हा भाग तिथून काढा. केंद्राकडे मागायचं ते फक्त विज्ञान: खऱ्या बोअरच्या पाण्यात, बायकार्बोनेटसकट, तुमचं माध्यम किती दिवस टिकतं आणि का मरतं. तिथे तुम्हाला नॉव्हेल्टीही सापडेल, कारण त्या पाण्यावर फार थोड्यांनी काम केलंय. दोन्ही अर्ज एकाच गावांच्या यादीवर करा आणि जिल्ह्याचा अर्ज आधी टाका. त्याची मंजुरी हातात असली की दिल्लीच्या समितीसमोर 'कोण वापरणार' या प्रश्नाला कागद दाखवता येतो.